पेणची कन्या, रोह्याची तूळ

कन्या राशीची माणसं म्हणे फार चिकित्सक. स्वच्छतेची हौस, हिशोब चोख, खाण्यापिण्याचं पथ्य काटेकोर. दुसऱ्याच्या कामातली चूक त्यांना लगेच दिसते आणि ती सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. कौतुकाची हाव नसते. सेवा करतील आणि मागच्या रांगेत जाऊन बसतील. पोटाच्या तक्रारी मात्र जन्माच्या. दिवाळी अंकातलं राशीभविष्य उघडा, कॅलेंडरची मागची पानं चाळा किंवा शरद उपाध्ये यांचा ‘राशीचक्र’ हा कार्यक्रम आठवा, वर्णन थोड्याफार फरकानं हेच मिळेल.

आता पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक घ्या. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा, जन्मले. इंग्रजी तारखांच्या कोष्टकात २३ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर ही कन्या रास, म्हणजे विनोबा कन्येचे. आणि चरित्र बघावं तर रास समोर ठेवूनच घडवल्यासारखं. गणिताची विलक्षण आवड. आहार मोजूनमापून. पोटात अल्सर. खांद्यावर फावडं टाकून पवनारहून जवळच्या सुरगावला रोज चालत जायचं आणि तिथला मैला साफ करायचा, हे काम त्यांनी दीड वर्षाहून जास्त काळ केलं. सेवा आहे, स्वच्छता आहे, शिस्त आहे. एवढं जुळल्यावर कुणीही म्हणेल, बघा, रास खोटं बोलत नाही.

पण नेमकी कुठली रास?

कोकणातल्या घरात ‘तुझी रास कोणती’ असं आजीनं विचारलं की तिला इंग्रजी तारखेशी काही देणंघेणं नसतं. ती विचारते ती चंद्ररास. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत, ती आपली जन्मरास. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, म्हणून एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांच्या तीन-चार वेगवेगळ्या राशी असू शकतात. टिपण याच राशीवरून बनतं, साडेसाती हिच्यावरून मोजतात, लग्नात गुण हिच्यावरून पाहतात. मासिकांत आणि मोबाइलवर दिसते ती मात्र रविरास. वर्तमानपत्रात राशीवार भविष्य छापायची चाल तशी नवी आहे. १९३० साली लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’नं राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त आर. एच. नेलर या ज्योतिषाकडून तिचं भविष्य लिहून घेतलं. वाचकांना ते इतकं आवडलं की पुढे त्याचं सदर झालं आणि मग सगळ्यांसाठी बारा खणांची सोय. पत्रिका मांडायला वेळ लागतो, तिला जन्मवेळ लागते, जन्मगाव लागतं. रविराशीला नुसती जन्मतारीख पुरते. १९६८ मध्ये लिंडा गुडमनच्या ‘सन साइन्स’ या पुस्तकानं राशीनुसार स्वभाव हा प्रकार जगभर नेला. आपल्याकडे कॉलेजातली मुलं ‘मी व्हर्गो आहे’ म्हणतात ती तिथून आलेली कन्या. आजीची कन्या वेगळी.

गोंधळ इथे संपत नाही. इंग्रजी कोष्टक सायन आहे, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं. आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेलं. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो, आणि आज या दोन मोजण्यांत जवळजवळ २४ अंशांचं अंतर पडलेलं आहे. रास ३० अंशांची. म्हणजे महिन्यातले पाच-सहा दिवस सोडले तर सायन रविरास आणि निरयन रविरास एक नसते. विनोबांचा रवी आपल्या पंचांगात कन्येत नाहीच. तो सिंहेत आहे, कारण निरयन पद्धतीनं रवी कन्येत जातो तो साधारण १७ सप्टेंबरला. बरं, हे २४ अंशही सर्वमान्य नाहीत. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं एक अयनांश ठरवून दिला आणि बहुतेक पंचांगं त्याच्या आसपास चालतात. पण टिळक पंचांग पाळणारी घरं आजही कोकणात आहेत. त्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीलाच होते आणि अधिकमासाच्या काही वर्षांत त्यांचे गणपतीही इतरांच्या महिनाभर आधी येतात. त्यांच्या घरातली आणि शेजारच्या घरातली मुलं एकाच दिवशी जन्मली तरी एक धनूची आणि एक मकरेची, असं होऊ शकतं. स्वभाव कुठल्या पंचांगाला विचारून ठरतो, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

योगायोग असा की पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली आणखी दोन मोठी नावं त्या पाच-सहा दिवसांच्या फटीत बरोबर बसतात. चिंतामणराव देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, १४ जानेवारी १८९६ चा, बालपण रोह्याचं. त्या काळी संक्रांत १२-१३ जानेवारीला येई (विवेकानंदांचा १२ जानेवारी १८६३ चा जन्म संक्रांतीच्याच दिवशीचा), म्हणून चिंतामणराव दोन्ही हिशोबांनी मकरेचे. आणि स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म रोह्याचा, १९ ऑक्टोबर १९२०. सायन म्हणा, निरयन म्हणा, रवी तुळेत.

मकर म्हणजे शनीची रास: मेहनत, शिस्त, पैशाची समज, हळूहळू पण शिखरापर्यंत. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिकमध्ये जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवतात, आयसीएस होतात, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे. तूळ म्हणजे शुक्राची रास: माणसं जोडणारी, गोड बोलणारी, समतोल. पांडुरंगशास्त्री गावोगाव भावफेऱ्या काढतात, कोळ्यांना, शेतकऱ्यांना, डॉक्टरांना एका चटईवर बसवतात. तीनही खुंट्या पक्क्या बसल्या.

आता जरा लबाडी करू. तिघांच्या राशी बदलू. विनोबा मकरेचे होते असं समजा. शनीचा विरक्तपणा, हाडं झिजवणारे कष्ट, तेरा वर्षं पायी चालत भूदानासाठी देश पालथा घालणं: यापेक्षा अस्सल मकर कोण? चिंतामणराव कन्येचे होते असं समजा. बुधाची बुद्धी, आकडेमोड, संस्कृतचा व्यासंग, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्राचा अभ्यास, पानाफुलांची नेमकी वर्गवारी. कन्या नव्हे तर काय? आणि पांडुरंगशास्त्री सिंहेचे मानले तर? सभेचा राजा, लाखोंचे ‘दादा’, एका शब्दावर माणसं घराबाहेर पडतात. बदल केला तरी खुंट्या पक्क्याच राहिल्या. वाटल्यास आपल्या आळीतल्या कुणाही तीन माणसांवर हा खेळ करून पाहा. चरित्र आधी माहीत असलं की रास मागाहून कुठलीही चिकटते.

याचं कारण त्या वर्णनांच्या बांधणीत आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. साच्यातून आलेली मूर्ती कुणाचीच नसते. डोळ्यांची आखणी होते तेव्हा ती बघायला लागते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की हीच आपल्या घरी येणारी. राशीचं वर्णन तसंच साच्यातलं असतं, आखणी वाचणारा स्वतः करतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्यासाठी काढलेला’ निष्कर्ष दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद मात्र सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं फोररनं रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘वरून कठोर दिसता पण आतून हळवे आहात’, ‘तुमच्या कष्टाचं चीज झालं नाही’, ‘तुम्ही लोकांच्या उपयोगी पडता, लोक तुमच्या पडत नाहीत’: ही वाक्यं पेणच्या एसटी स्टँडवर उभं राहून कुणालाही सांगा. माणूस पिशवी खाली ठेवून ऐकेल.

यापुढे जाऊन खरोखर तपासणीही झालेली आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच. २००८ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. भाग घ्यायला तयार झालेल्या ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि एवढंच विचारलं की यातलं मूल हुशार कोणतं आणि मतिमंद कोणतं. उत्तरं २७ जणांनी पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तर ५० टक्क्यांच्या आसपास जमलं असतं. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले आणि ‘ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी’ या पुस्तकाचे लेखक, त्यामुळे ‘यांना शास्त्रच कळत नाही’ हा नेहमीचा आक्षेप इथे चालत नाही. त्याआधी १९८५ मध्ये अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी ज्योतिषांना एक पत्रिका आणि तीन माणसांच्या स्वभावचाचण्या दिल्या होत्या आणि पत्रिका कुणाची ते ओळखायला सांगितलं होतं. तिथेही तिनात एक, म्हणजे अंदाजपंचे जेवढं जमावं तेवढंच जमलं.

एक प्रयोग मात्र मला फार बोलका वाटतो. हान्स आयझेंक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाला १९७० च्या दशकात काही राशींची माणसं खरोखरच जास्त बोलकी, मोकळी आढळली, अगदी ज्योतिषात सांगितलं होतं तशी. ज्योतिषांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मग लक्षात आलं की हा परिणाम ज्यांना आपली रास आणि तिचे गुण माहीत आहेत त्यांच्यातच दिसतो. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यात काहीच नाही. लहानपणापासून ‘हिची कन्या रास, हिला सगळं टापटीप लागतं’ असं ऐकलेली मुलगी चाचणीच्या कागदावर ‘मला टापटीप आवडते’ याच्यापुढे खूण करणारच. रास माणसाला थोडीफार घडवते ती अशी, घरातल्यांच्या तोंडून.

आता मैत्रीकडे येतो, कारण राशीचं हे वेड बहुतेकांना तिथेच उपयोगी पडेल असं वाटतं. आपलं कुणाशी जमेल? मासिकं सांगतात, कन्येचं वृषभेशी आणि मकरेशी जमतं, धनूशी नाही. पारंपरिक ज्योतिषात याची स्वतंत्र यंत्रणा आहे, आणि ती मला मासिकांपेक्षा कितीतरी रंजक वाटते. लग्नाच्या ३६ गुणांत ५ गुण ग्रहमैत्रीचे, ७ भकुटाचे म्हणजे राशींच्या आपसातल्या अंतराचे. दोन राशी एकमेकींपासून सहावी-आठवी आल्या की षडाष्टक, दुसरी-बारावी आल्या की द्विर्द्वादश. आजही दोन भावांचं पटत नसलं तर ‘त्यांचं षडाष्टक आहे’ असंच आपण म्हणतो, टिपण न बघता.

हीच यंत्रणा आपल्या दोन गावांना लावून बघितली तर गंमत येते. नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास काढायला अवकहडा चक्र वापरतात. चित्रा नक्षत्राची अक्षरं पे, पो, रा, री. स्वातीची रू, रे, रो, ता. चित्राचा पहिला अर्धा भाग कन्येत, उरलेला तुळेत, स्वाती अख्खं तुळेत. म्हणजे पेणची नावरास कन्या आणि रोह्याची तूळ. विनोबा पेण तालुक्यातले, रास कन्या. पांडुरंगशास्त्री रोह्याचे, रास तूळ. अंगावर काटा आला ना? मला तरी क्षणभर आला होता. पण चिंतामणराव रोह्याचेच, ते मकरेचे. विनायक हे नाव ‘वि’वरून वृषभेचं, पांडुरंग ‘पा’वरून कन्येचं, चिंतामण ‘चि’वरून मीनेचं. जे जुळलं ते सांगितलं, जे जुळलं नाही त्याचं नाव घेतलं नाही की चमत्कार तयार होतो. ज्योतिषाच्या निम्म्या सुरस कथा याच कारखान्यातल्या आहेत.

कन्या आणि तूळ शेजारी-शेजारी, म्हणजे द्विर्द्वादश. भकुटाचे ७ गुण गेले. पण कन्येचा स्वामी बुध आणि तुळेचा शुक्र हे एकमेकांचे मित्र, म्हणून ग्रहमैत्रीचे पाचच्या पाच मिळाले, आणि ग्रहमैत्री असली की भकुटाचा दोष लागत नाही असंही शास्त्र सांगतं. गुरुजींना स्थळ पसंत असलं की वाट सापडते, ती अशी.

या ग्रहमैत्रीत एक शहाणी गोष्ट दडलेली आहे. ती परस्पर असतेच असं नाही. चंद्र बुधाला मित्र मानतो. बुध चंद्राला शत्रू मानतो. पुराणातली कथा ठाऊक असेल तर बुधाची बाजू कळते: चंद्रानं गुरूची पत्नी तारा पळवली, त्यातून जन्मलेला मुलगा तो बुध. बापाला मुलगा हवासा वाटतो, मुलाला बाप डोळ्यांसमोर नको. ज्यांनी हे कोष्टक बनवलं त्यांनी ग्रह किती पाहिले माहीत नाही, माणसं नक्की पाहिली होती. २०१६ मध्ये एका संशोधनात ८४ विद्यार्थ्यांना वर्गातल्या एकेकाशी आपली किती मैत्री आहे हे विचारलं. बहुतेकांना वाटत होतं की आपण ज्याला मित्र म्हणतो तोही आपल्याला मित्र म्हणेल. प्रत्यक्षात असं निम्म्याच जोड्यांत घडलं, ५३ टक्के. उरलेल्या सगळ्या जोड्या चंद्र-बुधाच्या.

मग समविचारी मित्र सापडतात कसे? विनोबांचंच बघा. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेलं आणि तिथे शाळा-कॉलेजच्या वयात या एकलकोंड्या मुलाला मित्र मिळाले. १९१४ मध्ये त्यांनी मिळून ‘विद्यार्थी मंडळ’ काढलं. ठरलेल्या दिवशी जमायचं, भाषणं करायची, पुस्तकं गोळा करायची, लांब लांब फिरायला जायचं आणि वाद घालायचे. गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, बाबाजी मोघे ही त्यातली मंडळी. विनोबा १९१६ मध्ये घर सोडून गांधीजींकडे गेले आणि यातले काहीजण मागोमाग तिकडेच गेले, आयुष्यभरासाठी. मैत्रीचं कारण कुणाच्याही टिपणात सापडायचं नाही. ते ठरलेल्या दिवशी जमण्यात होतं.

दुसरं उदाहरण याहून चांगलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झालं. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, म्हणजे इंग्रजी कोष्टकात मकर. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची रास! एकजण बोलता बोलता डोळ्यांत पाणी येणारा, दुसरा फायलीतल्या स्वल्पविरामापर्यंत नेमका; कोष्टकात मात्र दोघे एका खणात. आणि विनोबा आणि गुरुजी हे स्वभावानं तरी कुठे सारखे? एक कोरडा वाटावा इतका तर्कशुद्ध, एक नुसता ओलावा. त्यांना जोडलं ते एका भिंतीनं, एका कामानं आणि ओळीनं अठरा रविवारांनी. समविचारी म्हणजे सारख्या स्वभावाचा नव्हे, हे इथे लख्ख दिसतं. विचार एका दिशेला असले की स्वभाव वेगळा असलेला चालतो, बरेचदा बराच पडतो. खुद्द चिंतामणरावांनी १९५३ मध्ये लग्न केलं ते नियोजन आयोगातल्या सहकारी दुर्गाबाईंशी. त्यांची जन्मतारीख १५ जुलै, इंग्रजी हिशोबानं कर्क, मकरेच्या बरोबर समोरची रास. समोरासमोरच्या राशींबद्दल अर्धी मासिकं म्हणतात ‘ओढ’, अर्धी म्हणतात ‘ठिणग्या’. या दोघांच्या बाबतीत समोरासमोर होती ती टेबलं, आणि टेबलावर पंचवार्षिक योजना.

समाजशास्त्रज्ञांनीही हेच मोजून ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंजर आणि सहकाऱ्यांनी कुणाची कुणाशी मैत्री झाली ते तपासलं. घरं वाटेल तशी वाटलेली होती, निवडून नव्हे. लगतच्या दारातल्या शेजाऱ्यांत ४१ टक्के मैत्री जमली. मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांत १० टक्के. जिन्यापाशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त मिळाले. चाळीत नळाशेजारच्या खोलीत राहिलेल्या माणसाला हे कळायला एमआयटीची गरज नाही. मॅडी सीगल यांचा १९७४ चा अभ्यास तर आणखी मजेशीर. पोलीस प्रशिक्षणार्थींना आडनावाच्या अक्षरांनुसार बसवलं आणि राहायला खोल्याही तशाच दिल्या होत्या. मित्र म्हणून त्यांनी नावं घेतली ती बहुतांश आपल्या अक्षराच्या आसपासची. आता विचार करा, मुलांची नावं पूर्वी नक्षत्राच्या चरणावरून ठेवत. हजेरीपट जर नावाच्या अक्षरानं लावला तर एका राशीची मुलं एका बाकावर येतील आणि त्यांची मैत्रीही जमेल. राशीनं मित्र मिळतात याचा मला सापडलेला एकमेव विश्वासार्ह मार्ग हा आहे.

वेळही लागतो. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात असं दिसलं, मित्र म्हणावा असा व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. दिवा-रोहा गाडीनं रोज ये-जा करणाऱ्यांना याचं गणित करून दाखवायला नको. येताजाता मिळून दोन तास एकत्र धरले तर शंभर दिवसांत दोनशे तास भरतात. पण हॉल यांनी एक मेखही मारून ठेवलीय: नुसतं एका छपराखाली काम केलेले तास फारसे मोजायचे नाहीत. धाटावच्या एमआयडीसीत एका पाळीत वर्षभर शेजारी उभे राहिलेले दोघेजण मित्र होतील असं नाही. पाळी सुटल्यावर चहाला थांबणारे दोघे होतील. आपण होऊन दिलेला वेळ लागतो.

पेण आणि रोहा आता पूर्वीची गावं राहिलेली नाहीत. कारखान्यांमुळे, मुंबई-पनवेलच्या वाढत्या घरभाड्यामुळे बाहेरून माणसं येतात, नव्या इमारतींत राहतात आणि दोन-दोन वर्षं शेजारच्या दारावरच्या पाटीपलीकडे ओळख जात नाही. अशा माणसाला मोबाइलवर ‘तुमच्या राशीला अनुरूप मित्र’ सुचवले की ते खरं वाटावंसं वाटणं साहजिक आहे. एकटेपणात कोष्टकसुद्धा आधार देतं. राशीच्या गप्पांना मी म्हणूनच नावं ठेवत नाही. ‘तुमची रास कोणती’ या प्रश्नानं अनोळखी माणूस स्वतःविषयी बोलायला लागतो, आणि पगार, जात, राजकारण यांपैकी कशालाही हात न लावता बोलतो. ‘छे, मी कसला टापटीप’ असं तो म्हणाला की रास चुकली असेल, पण ओळख सुरू झाली. माझा आक्षेप आहे तो उलट्या वापराला. वृश्चिकेची आहे म्हणून वर्गातल्या मुलीशी डबा वाटून न खाणं, राशी जुळत नाहीत म्हणून भागीदार नाकारणं, सून राक्षसगणाची म्हणून पहिल्या दिवसापासून तिच्याकडे डोळे वटारून बघणं: यात ज्योतिषाचं जे काही व्हायचं ते होवो, माणसाचं नुकसान पक्कं आहे.

तेव्हा पेणला किंवा रोह्याला नव्यानं आला असाल आणि आपल्या विचारांचं माणूस हवं असेल तर आठवड्याला ठरलेल्या वारी जिथे तीच माणसं जमतात अशी एखादी जागा धरा. गावचं वाचनालय, भजनी मंडळ, नाटकाच्या तालमी, डोंगर चढणारं टोळकं, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करणारी चार पोरं, दसऱ्याला रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीच्या तयारीला लागलेली मंडळी, काहीही चालेल. पहिल्या भेटीत बोलायला विषय सुचला नाही तर खुशाल रास विचारा. फक्त उठण्याआधी पुढच्या भेटीचा वार ठरवून घ्या.